चिखलात उतरणाऱ्यांचा परवाना

मासेमारीच्या परवान्याचा अर्ज कुठल्याही काळातला काढा, छापील असो की आताचा ऑनलाइन, तो आधी होडीची चौकशी करतो. नाव काय, लांबी-रुंदी किती, इंजिन किती अश्वशक्तीचं, जाळं कुठलं. माणूस त्यानंतर, तोही मालक किंवा खलाशी म्हणून. माहुलच्या कोळीवाड्यात लोकांचे हे अर्ज भरून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अक्षर बरं होतं, इंग्रजी अडखळत का होईना वाचता यायचं. एवढ्या भांडवलावर ते काम गळ्यात पडलं. पण माझ्या आईचा अर्ज मला कधीच भरता आला नाही. तिच्याकडे होडी नव्हती. ती खाडीत पायी जायची.

मुंबईचा समुद्र म्हणजे जुहूची वाळू, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा ओहोटीला माहुलच्या बंदरावर यावं. शिवडीपासून इथपर्यंत नजर पोचेल तिथवर चिखल. वाळू औषधालाही नाही. त्या चिखलात कालवं, खुबे, चिंबोऱ्या, निवट्या. हे बायकांचं राज्य. पुरुष होडीतून डोल जाळी लावायला जात, बायका पाटी डोक्यावर घेऊन चिखलात उतरत.

तिथे कसलेही फलक नव्हते, पण नियम भरपूर होते. पहिला नियम तिथीचा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या सुमारास भरती. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी, आणि ती उधाणाची असल्यामुळे पाणी लांबवर मागे जाणार. त्या दिवसांत बायका पहाटे अंधारातच निघायच्या. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं हटत नाही, मग घरीच बसायचं. आई शाळेत गेली नव्हती, गुणाकार-भागाकार हा बाबांचा मामला. तिला नुसतं आभाळातल्या चंद्राकडे पाहून कळायचं.

बाकीचे नियम पायाचे. एकटीने जायचं नाही. एका जागी उभं राहायचं नाही. पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही, गुडघा वाकवून पुढे झुकायचं आणि हळूहळू सोडवायचा. कालवांच्या खडकावर टाच टेकायची नाही, शिंपला ब्लेडसारखा कापतो. आणि पाणी फिरायच्या आत परत. पाटी अर्धी राहिली तरी चालेल. हा शेवटचा नियम मोडणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कुणी बरोबर न्यायचं नाही. दंड म्हणून एवढा पुरत असे.

होड्यांचे नियमही तसेच पिढ्यांनी ठरवलेले. डोलीचा खुंट कुणाचा कुठे, हे सगळ्यांना ठाऊक. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, त्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पाण्यात. गंमत म्हणजे सरकारनेही पुढे हेच उचललं. महाराष्ट्रातली यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी पूर्वी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर असे. सरकारी आदेशात सण! आता 1 जून ते 31 जुलै अशी ठोक तारीख आहे. सोयीची आहे, पण नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी बंदी उठल्यावर येते आणि तोवर होड्या कधीच्या बाहेर गेलेल्या असतात.

कायद्याने खाडीत पाऊल टाकलं ते पुष्कळ आधी. 1897 च्या इंग्रजी कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी घातली. परवान्याचा कायदा मात्र आपल्या आठवणीतला, 1981 चा. त्याच्या मागे माहुल नव्हतं, ट्रॉलर होते. सत्तरच्या दशकात गोव्यात रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध रान उठवलं, केरळातही संघर्ष पेटला, दिल्लीत समिती बसली, आणि मग एकेका राज्याने सागरी मासेमारी नियमन कायदा केला. गोव्याने 1980 साली, महाराष्ट्राने 1981 साली. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी लहान मच्छीमारांसाठी राखायचं आणि प्रत्येक नौकेला परवाना द्यायचा, हे त्याचं सार. चांगलाच कायदा होता. लढाई होडी विरुद्ध ट्रॉलर अशी होती, म्हणून कायद्यालाही होड्याच दिसल्या.

माहुलचं दुखणं निराळं होतं. आमच्याकडे ट्रॉलर आला नाही, तेल आलं. पीरपावचा तेलधक्का 1920 च्या दशकातला. पुढे स्टॅन्डर्ड-व्हॅक्यूमची रिफायनरी 1954 साली, बर्मा-शेलची 1955 साली, लगेच 1956 साली टाटांचं वीजकेंद्र. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोंगरापलीकडे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. साठच्या दशकात खत कारखाना. दहा-बारा वर्षांत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) डोंगराला उद्योगांनी वेढा घातला. प्रत्येकाबरोबर नवी हद्द आली. इथे होडी थांबवायची नाही, धक्क्याजवळ चूल-विडी नाही, पलीकडे जायचंच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. तेलाच्या धक्क्याशी कुणी बोंबील भाजू नयेत हे मलाही कळतं. पण बापजाद्यांच्या वाटा मिटल्या त्यांची नोंद कुठेच झाली नाही, आणि 1897 मध्ये पाण्यात विष घालणाऱ्याला हुडकणारा कायदा कारखानदारीच्या सांडपाण्यापुढे फार दमाने चालला. खुब्यांना रॉकेलचा वास येतो, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलोय.

2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर कागदांचा पूर आला. दहशतवादी पोरबंदरच्या ‘कुबेर’ ट्रॉलरवरून आले, तेव्हा प्रत्येक होडीकडे संशयाने पाहणं ओघानेच आलं. बायोमेट्रिक कार्डं आली, तपासण्या वाढल्या. कफ परेडजवळ उतरलेल्या त्या पोरांना “कोण रे तुम्ही?” असं पहिल्यांदा हटकलं ते कोळ्यांनीच, हे मात्र लोक विसरतात. त्या काळात कार्डांचे अर्ज भरून भरून माझी बोटं दुखली. आईने विचारलं, “माजा?” मी म्हटलं, “आई, तू नौकेवर नाहीस.” “मंग मी कुठं हाय?” म्हणाली. याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी आदळली. तेल सांडलं, तिवरांच्या मुळांना काळी साय चढली, लोकांनी मासे खाणं सोडलं. नुकसानीची माहिती घ्यायला एक गृहस्थ आले. नम्र होते, वहीत नीट लिहीत होते. आईला म्हणाले, “मावशी, जाळं कुठाय?” आईने पाटी पुढे केली. तळाशी पाच-सहा चिंबोऱ्या, पाय बांधलेल्या, पाठीवर तेलाचा तवंग. त्यांनी पाटीकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या घरी गेले. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या वहीत जाळी होती, होड्या होत्या. पाटी नव्हती.

हौशी माणसाचं बरं असतं. पवईचा तलाव 1891 चा, पिण्यासाठी बांधला आणि थोड्याच वर्षांत पिण्यालायक राहिला नाही. तिथे गळ टाकणाऱ्यांची रीतसर संघटना आहे. तिथे माणूस होडीशिवाय, एका काठीच्या जोरावर ‘मासे धरणारा’ म्हणून ओळखला जातो. माहुलची बाई आयुष्यभर हाताने चिंबोऱ्या धरून घर चालवते आणि कागदावर गृहिणी राहते.

जानेवारी 2024 मध्ये याच चिखलावरून अटल सेतू सुरू झाला. त्याच्या बांधकामाच्या काळात भरपाईच्या निमित्ताने पात्र-अपात्र, पुरावे, परवाना क्रमांक हे शब्द कोळीवाड्यात पुन्हा पुन्हा ऐकू आले. त्याच चिखलात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी बीएनएचएसचे अभ्यासक मोजतात आणि ते आवश्यकच आहे. बायकांची तशी यादी मी पाहिलेली नाही.

म्हणून मच्छीमार सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे: सरकार कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर एक साधी वही ठेवा. बाईचं नाव, किती वर्षं जाते, कुठल्या बाजूला उतरते, काय धरते. महिन्याला तिचा अंगठा किंवा सही, आणि वर्षाअखेर त्या वहीची प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या आवकेत देऊन शिक्का मारून घ्या. घरात अशी आई, आत्या, सून असेल त्यांनी कुणी वही ठेवायची वाट न पाहता आजच स्वतः लिहायला घ्यावं.