‘तुंबाड’ तुम्ही नक्की कधी पाहिलात?

मागच्या लेखात नमुना निवडीतला दोष समजावताना मी फुलपाखरांच्या मोजणीचं उदाहरण दिलं होतं. त्यावर एकीने विचारलं, "दादा, आम्ही इतिहासवाले. आम्ही फुलपाखरं कुठून मोजायची?" प्रश्न रास्त आहे. मी एम.एस्सी. प्राणीशास्त्राचा माणूस, त्यामुळे माझी उदाहरणं सारखी जंगलातच जाऊन बसतात. आजचंही जंगलातूनच सुरू होणार आहे, पण पोहोचणार आहे सिनेमाच्या तिकीट खिडकीवर. विषय इतिहासाचा आहे: एखाद्या भयपटाबद्दल प्रेक्षकांचं मत काय होतं, हे नंतर आलेल्या माणसाने शोधायचं कसं?

साल १९९३. ठिकाण नागझिरा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, म्हणजे त्या वेळी हे सगळं जंगल आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं. राही अनिल बर्वे नावाचा एक मुलगा, वय साधारण चौदा, तिथे आला होता. लेखक अनिल बर्वे यांचा हा मुलगा. जंगलातल्या पहिल्याच रात्री त्याच्या मित्राने त्याला नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि पोरगा पार हादरला. ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. तुमच्यापैकी जे साकोलीकडून पिटेझरीच्या गेटने कधी आत गेले असतील, त्यांना फार समजावून सांगायची गरज नाही. आतल्या विश्रामगृहात वीज नाही. दिवस मावळला की हातातल्या टॉर्चपुरतंच जग उरतं, आणि तळ्याकडून एखादं सांबर ओरडलं की शेजारचा माणूसही गप्प होतो. अशा जागी सांगितलेली गोष्ट आणि पुण्याच्या खोलीत ट्यूबलाइटखाली वाचलेली गोष्ट एक नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या मुलाने १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपट चित्रगृहात आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. मधल्या एकवीस वर्षांत निर्माते आले-गेले, चित्रीकरण झालं, पुन्हा झालं. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे, इथे सोडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. कोकणातला एक वाडा, त्याच्या पोटात हस्तर नावाचा शापित देव, आणि त्याच्याकडच्या सोन्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा आत उतरणारा विनायक. बहुतेक भुताच्या घरांत माणूस चुकून अडकतो. इथे तो स्वतःहून जातो, तयारी करून जातो, मुलालाही शिकवतो. पाश्चात्त्य देशांत सध्या पैसे भरून घाबरायला जायची टोकाची ‘हाँटेड हाउस’ निघाली आहेत, आत सोडण्याआधी संमतीपत्रावर सही घेतात. त्यांच्यावरही सिनेमे आले, २०१९ चा ‘हाँट’ त्यातलाच. विनायकाने सही तेवढी केलेली नाही.

आता प्रेक्षकांच्या मतांकडे येऊ. मला भेटलेल्या कित्येकांचं ठाम मत आहे की हस्तर ही कोकणातली जुनी दंतकथा आहे. काहींनी तर "आमची आजी सांगायची" इथपर्यंत मजल मारली. माग काढला तर वेगळंच निघतं. अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने १८९१ च्या एका कथेत ‘हस्तूर’ हे नाव वापरलं, आणि तिथे तो मेंढपाळांचा अगदी सज्जन देव आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं. पुढे इतर भयकथाकारांच्या हातून फिरत ते स्टीफन किंगच्या १९८४ च्या ‘ग्रॅमा’ या कथेत आलं. एका मुलाला आजारी आजीजवळ एकटं थांबावं लागतं, अशी ती कथा. धारपांनी तिच्यावर बेतून मराठीत ‘आजी’ लिहिली. आणि ‘तुंबाड’ हे नाव? ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. नुसतं नाव, कथानक नाही. तरी पेंडशांची कादंबरी पडद्यावर बघायला गेलो आणि फसलो, अशी तक्रार करणारे वाचनप्रेमी काका मला भेटले आहेत. काकांचं मतही मतच, पण ते सिनेमाबद्दल कमी आणि अपेक्षेबद्दल जास्त सांगतं.

मग ‘आजी सांगायची’वाली मंडळी खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. गोष्ट मनात इतकी मुरली की ती आपल्या घरचीच वाटू लागली. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेचा हाही पुरावा आहे, फक्त तो हस्तरच्या उगमाचा पुरावा नाही. एकच विधान एका प्रश्नासाठी निकामी आणि दुसऱ्यासाठी सोन्यासारखं असू शकतं. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हे नक्की सांगा.

आता आकडे. व्यापारी वृत्तांतानुसार २०१८ मध्ये ‘तुंबाड’ने पहिल्या दिवशी सुमारे ६५ लाख आणि पहिल्या तीन दिवसांत सव्वातीन कोटींच्या आसपास कमावले. सगळा मुक्काम साधारण तेरा कोटींवर आटोपला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्याच दिवशी १.६५ कोटी आले, आणि पुनःप्रदर्शनाची एकूण कमाई तीस कोटींच्या पुढे गेली. सहा वर्षं जुना, मोबाइलवर आधीच उपलब्ध असलेला सिनेमा, आणि दुसऱ्यांदा दुपटीहून जास्त धंदा!

यावरून जो निष्कर्ष सगळीकडे काढला गेला तो तुम्हीही ऐकला असेल: "२०१८ मध्ये लोकांना कळला नाही, २०२४ मध्ये कळला." ऐकायला छान आहे. संशोधक म्हणून मला तो पटत नाही.

का, ते मंडईच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार, रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक, जिलेबी, आणि कधीमधी एखादा भूतबंगलावाला. कनात, आत काळे पडदे, एक लाल दिवा आणि तोंडाला रंग फासलेली दोन पोरं. मी सातवीत असताना असाच एक आला होता. बाहेर रांगेत आम्ही ऐकत होतो, "काही नाही बे, सारं खोटं आहे!" सगळे हेच सांगत होते. आत गेलो आणि काय झालं ते विचारू नका. मी मागच्या बाजूने निघालो आणि थेट आईकडे गेलो. खूप वर्षांनी लक्षात आलं, जी पोरं घाबरली ती माझ्यासारखी मागून सटकून आईकडे जात होती. तोंडाशी थांबून ओरडत होती ती फक्त न घाबरलेली. रांगेतल्याला ऐकू येणारं ‘प्रेक्षकांचं मत’ हे तिथे थांबलेल्यांचं मत होतं.

२०२४ ची रांग तशीच आहे. तिच्यात कोण उभं होतं? ज्यांनी मधल्या काळात घरी पाहिला आणि आवडला ते, आणि ते ज्यांना ओढून घेऊन आले ते. ज्यांना २०१८ मध्ये कंटाळा आला ते परत आलेच नाहीत. म्हणजे त्याच लोकांनी मत बदललं असं हा आकडा सांगूच शकत नाही. माणसंच वेगळी होती. शिवाय पुनःप्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्यात, २० सप्टेंबरला, राष्ट्रीय चित्रपट दिन होता आणि देशभर कित्येक पडद्यांवर तिकीट ९९ रुपये होतं. महिनाभर आधी आलेल्या ‘स्त्री २’ने भयपटांची हवाही तापवून ठेवली होती. उलट २०१८ मध्ये आधीच्या आठवड्यात ‘अंधाधुन’ आलेला आणि नंतरच्या आठवड्यात ‘बधाई हो’. नवख्या नावांच्या सिनेमाला श्वास घ्यायला जागा तेवढीच.

आणि २०१८ मध्ये ‘कळला नाही’ हेही अर्धंच खरं. त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या सिनेमाने झाली होती. पुढे फिल्मफेअरमध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी असे तीन पुरस्कारही मिळाले. पाहिलेल्यांना आवडला होता, पाहणारेच कमी होते. कमी खप आणि वाईट मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या इतक्या सहज एकत्र करतो की परीक्षकांनाही कधी कधी खटकत नाही.

भयपटात ही गुंतागुंत जास्तच असते. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची पाहणी प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून गुण घेते. समीक्षकांनी नावाजलेल्या ‘हेरेडिटरी’ला २०१८ मध्ये तिथे डी प्लस मिळाला. दारातच विचारलं तर माणूस अजून आतल्या धक्क्यात असतो. १९८० च्या ‘द शायनिंग’साठी कुब्रिकला सर्वात वाईट दिग्दर्शकाचं रॅझी नामांकन होतं, आणि आज तोच सिनेमा अभ्यासक्रमात आहे. म्हणून मत नोंदवताना निदान तीन गोष्टी सोबत लिहाव्यात असा माझा आग्रह आहे: कधी विचारलं, कुठे पाहिला होता, आणि कुणामुळे पाहिला. नागझिऱ्यातल्या त्या रात्रीच्या श्रोत्याकडून जागा आणि सांगणारा मित्र काढून घ्या, मग धारपांच्या कथेबद्दलचं त्याचं मत कितपत समजतं बघा.

आता शेवटचं, थोडं लाजिरवाणं. मी गेली काही वर्षं सगळ्यांना सांगत होतो की ‘तुंबाड’ मी पहिल्याच आठवड्यात नागपूरला चित्रगृहात पाहिला. मला शेजारी बसलेला मित्र आठवतो, पावसाचा आवाज आठवतो, मध्यंतरातला समोसासुद्धा आठवतो. हा लेख लिहिताना खात्री करावी म्हणून मित्रासोबतचं जुनं व्हॉट्सॲप उघडलं. १३ ऑक्टोबर २०१८, त्याचा मेसेज: "चल बे, तुंबाड लागला." माझं उत्तर: "प्रॅक्टिकल आहे. मोबाइलवर येईल तेव्हा पाहू." पुढे डिसेंबरात मी रात्री दोन वाजता लिहिलेलं आहे की वसतिगृहाच्या खोलीत पाहतोय, इअरफोनचा एकच कान चालतो, आणि तू जागा आहेस का.

समोसा बहुधा २०२४ चा असावा.