सकळ लिपी : कुलूप आणि किल्ली

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे श्रद्धास्थान. सुमारे 1278 मध्ये सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ. तरीही शतकानुशतके तो पंथाबाहेर अज्ञात का राहिला, असे विद्यार्थी आम्हांला वर्गात विचारतात. त्याचे एक उत्तर लिपीत आहे. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर वा चिन्ह योजावयाचे, हे सकळ लिपीचे तत्त्व. तिची किल्ली पंथातच गुरूकडून शिष्याकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली.

आज लातूरचा विद्यार्थी इंटरनेटवरून परीक्षेचा अर्ज भरतो, तेव्हा त्याची माहितीही सांकेतिक रूपातच प्रवास करते. मात्र येथे किल्ली हातोहात द्यावी लागत नाही. परस्परांना अपरिचित असे दोघे उघड्या मार्गावरूनही सामाईक गुप्त किल्ली ठरवू शकतात, हे डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये दाखवून दिले. येथे रीत जगजाहीर असते, गुप्त असते ती केवळ किल्ली. आणि तीही प्रत्येक संवादागणिक बदलते. सकळ लिपीत रीत हीच किल्ली होती. म्हणून ती एकदा कळताच त्या लिपीतील सारी हस्तलिखिते वाचनीय झाली.

संगणकशास्त्र याला दोष म्हणेल. कुलपाने ग्रंथ जपले हे खरे, पण वाचकालाही दाराबाहेर ठेवले. म्हणून आम्हां मराठीच्या अध्यापकांना तो दोषच उपकारक वाटतो.