आधी लवाद, की आधी सगळ्यांची तक्रार?

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कपाटं आवरताना फ्लॅटचा मूळ करारनामा हाती लागलाच, तर त्याची शेवटची पानं वाचून पाहा. बऱ्याच करारनाम्यांत एक कलम असतं: वाद झाल्यास तो लवादाकडे न्यावा. सही करताना ते कोण वाचतो? ताबा कधी देणार, एवढंच आपण विचारतो. पण या कलमावरून देशभरातल्या फ्लॅटधारकांना बरीच वर्षं भांडावं लागलं.

१९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम १२(१)(सी)ने सोय केली होती की, हितसंबंध समान असतील तर मंचाच्या परवानगीने एक-दोघांनी सर्वांच्या वतीने तक्रार करावी. परवानगी मिळाली की इतरांना नोटीस द्यायची, माणसं फार असतील तर जाहीर नोटीस. दुसरीकडे १९९६च्या लवाद कायद्याचं कलम ८. त्यानुसार प्रतिवादी आपलं पहिलं म्हणणं मांडायच्या आतच ‘आम्हाला लवादाकडे पाठवा’ असा अर्ज करू शकतो.

खरी मेख क्रमात आहे. बिल्डरचा अर्ज आधी मान्य झाला, तर सामूहिक तक्रारीचा प्रश्नच उरत नाही. करार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून लवादही वेगळा आणि फीसुद्धा वेगळी. अमेरिकेत नेमकं हेच झालं. २०११च्या एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कॉन्सेप्सियन खटल्यात वाद होता मोबाईलवर लावलेल्या ३०.२२ डॉलर विक्रीकराचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाचं कलम उचलून धरलं आणि सामूहिक दावा बारगळला. तीस डॉलरसाठी एकटा माणूस कशाला झगडेल?

आपल्याकडे वारं उलट वाहिलं. ग्राहक मंचाने तक्रार लवादाकडे पाठवलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच फेअर एअर इंजिनिअर्स प्रकरणात सांगितलं होतं. मग २०१५ साली कलम ८ बदललं. ‘कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी’ अशा अर्थाचे शब्द त्यात आले आणि बिल्डरांनी त्यावरच बोट ठेवलं. मोहालीतल्या एका व्हिलाचं एमार एमजीएफ प्रकरण यातूनच गाजलं. जुलै २०१७मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने बिल्डरचं म्हणणं फेटाळलं. १० डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकन अर्जही नाकारला. ग्राहकाला हवं असेल तर त्याने खुशाल लवादाकडे जावं, पण त्याला तिकडे ढकलता येणार नाही.

म्हणजे पहिला दरवाजा उघडला. दुसरा, म्हणजे ‘समान हितसंबंध’, मला विचाराल तर जास्त अवघड. फ्लॅट सारख्याच आकाराचे असावेत असं नाही, असं राष्ट्रीय आयोगाने ऑक्टोबर २०१६मध्ये अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात म्हटलं, त्यामुळे लोक निर्धास्त झाले. मग डिसेंबर २०२१मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसचा निकाल आला. बंगळुरूचा १,१३४ फ्लॅटचा प्रकल्प. ५१ फ्लॅटच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती (नव्या २०१९च्या कायद्यात हीच तरतूद कलम ३५(१)(सी)मध्ये आहे). न्यायालयाने विचारलं, तीन ब्लॉक, प्रत्येकाचा उशीर सारखा नाही, मग सगळ्यांचं हित एकच हे तक्रारीत दाखवलंय कुठे? सर्वांच्या वतीने लढायची परवानगी गेली. तक्रार मात्र निकालात काढली नाही. ती त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून पुढे चालवायला सांगितलं.