तापलेल्या चकतीला जागा हवी

सायकलचा ब्रेक दाबला की रबराचे दोन ठोकळे चाकाची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. मोटारीच्या डिस्क ब्रेकचे तत्त्व हेच. बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये अशा ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला चिमटणारे जबडे, अशी ती रचना होती. परंतु जबड्यांवरचे तांब्याचे अस्तर चकतीवर घासून कर्कश आवाज होई आणि ते लवकर झिजे. कल्पना मागे पडली आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे ड्रम ब्रेकची गेली.

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. शिवाय तापलेल्या लायनरचे घर्षणही घटते. घाट उतरताना ट्रकचालक खालचा गिअर टाकतात, तो याच धास्तीने.

उष्णता येते किती? आम्ही एक हिशेब मांडला आहे. तो वर्गात जरूर करून घ्यावा. १२०० किलोग्रॅमची गाडी सेकंदाला ६० मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा २१ लाख ६० हजार ज्यूल होते. एवढ्या उष्णतेत साडेसहा लिटर साधे पाणी उकळीला येईल. गाडी थांबवायची म्हणजे ही सारी उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये ओतायची, आणि शर्यतीत हे प्रत्येक मोठ्या वळणापाशी करायचे.

फ्रान्समधील ल माँ येथे २४ तासांची शर्यत होते. १९५३ मध्ये तेथे जॅग्वार कंपनीने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरवल्या. सरळ रस्त्याच्या शेवटी इतर चालक वेग कमी करू लागत, तेव्हा जॅग्वारचे चालक आणखी थोडे अंतर भरधाव जाऊ शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची गाडी पहिली आली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर! ताशी १०० मैलांची सरासरी त्या शर्यतीत तेव्हा प्रथमच ओलांडली गेली. चकती तापून जाड झाली तरी ती पॅडच्या दिशेनेच वाढते आणि दोन्ही बाजूंनी वारा लागून लवकर निवते. जिंकण्याचे एक मोठे कारण हे होते.

पण चकती जाडीत वाढते तशी व्यासातही वाढते. ३३० मिलिमीटर व्यासाची बिडाची चकती ५०० अंश सेल्सिअसने तापली, तर व्यास सुमारे १.८ मिलिमीटर वाढतो. मधला भाग मात्र त्या मानाने थंड असतो आणि कड्याला एका बाजूने धरून ठेवतो. मग सपाट कडे बशीसारखे वाकते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून मोठी करून घेतो, हे विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. तिथे जे प्रसरण कामाचे, ते इथे मुळावर येते.

यावर उपाय म्हणून तरंगती चकती आली. बाहेरचे कडे बिडाचे, मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि दोहोंना जोडणारी लहान बॉबिने खाचांत बसवलेली. ब्रेकचा जोर त्यांच्यातून चाकाकडे जातो, पण कड्याला बाहेर सरकायला थोडी फट उरते. ॲल्युमिनियममुळे वजनही घटते. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्यामुळे चाक खडबडीत रस्त्याला अधिक चांगले चिकटून राहते.

हौशी लोक मात्र वजनालाच भुलतात. आमच्या मते तरंगत्या चकतीचा खरा गुण तिला मिळालेली मोकळीक हा आहे. कडेच पातळ केले तर? वरच्या हिशेबात ८ किलोग्रॅमच्या चार चकत्यांत सगळी उष्णता सारखी वाटली गेली असे मानू. तापमान सुमारे १५० अंशांनी वाढेल. त्याच चकत्या ६ किलोग्रॅमच्या केल्या, तर वाढ २०० अंशांच्या घरात जाते. आणि एकदाच करकचून ब्रेक लावायचा असेल, तर थांबण्याचे अंतर बहुधा टायरच्या पकडीवर ठरते. चकती कितीही भारी घेतली तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

वजन आणि उष्णता यांचा हा पेच कार्बनने बराच सोडवला. कॉन्कॉर्ड विमानाला कार्बनचे ब्रेक होते. १९७६ मध्ये ब्रॅबम संघाने फॉर्म्युला वन गाड्यांवर ते वापरून पाहिले. पण हे ब्रेक थंड असताना नीट पकडत नाहीत, म्हणून रोजच्या गाडीला ते चालत नाहीत. तिथे बिडाची चकती टिकून आहे. तरंगती चकती घेणाऱ्याला हळू चालवताना तिची खुळखुळ ऐकावी लागते आणि बॉबिनांच्या फटीत बसलेली धूळ वेळोवेळी काढावी लागते.