चार ग्रामपंचायती ते महानगर: पिंपरी-चिंचवडची वाटचाल

पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती 4 मार्च 1970 रोजी एक झाल्या आणि पिंपरी-चिंचवड नगरपालिका जन्माला आली. त्यासाठी पुढाकार घेतला तो अण्णासाहेब मगर यांनी. मोरया गोसावींचं समाधिस्थान आणि चापेकर बंधूंचा वाडा यांमुळे चिंचवडचं नाव महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होतं. नगरपालिकेची गरज मात्र कारखान्यांनी निर्माण केली.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि भोसरी-आकुर्डीच्या शेतजमिनींवर शेड उभ्या राहू लागल्या. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणातून आणि परप्रांतांतूनही माणसं कामाला आली. त्यांच्यासाठी पाणी, गटारं, दिवे, शाळा पुरवणं ग्रामपंचायतींच्या आवाक्यातलं नव्हतं.

नगरपालिकेला आणि पुढे महापालिकेला बळ दिलं जकातीनं. शहराच्या वेशीवरच्या नाक्यावर मालट्रक थांबायचा, चालक कागदपत्रं घेऊन खिडकीशी जायचा, मालाप्रमाणे जकात भरून पावती घ्यायचा. कच्चा माल घेऊन आत येणारी प्रत्येक गाडी अशी तिजोरीत भर घालत होती. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्यानं आणि यशवंतराव चव्हाण स्मृती (वायसीएम) रुग्णालय उभं राहिलं त्यामागे हे उत्पन्न होतं. 2013 मध्ये जकात बंद झाली आणि नाकेही उठले.

1972 साली नियोजनबद्ध वसाहतीसाठी नवनगर विकास प्राधिकरण आलं. त्याच्या पेठा आखीवरेखीव झाल्या, कामगारांना हक्काची घरं मिळाली. पण ज्यांच्या जमिनी गेल्या, ते मूळ शेतकरी साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी कित्येक वर्षे भांडत राहिले. 2021 मध्ये प्राधिकरण विसर्जित झालं तरी तो प्रश्न शिल्लक होता.

11 ऑक्टोबर 1982 रोजी महापालिका झाली. सांगवी, रहाटणी, थेरगाव, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर ही गावं शहरात आली. पहिली निवडणूक झाली 1986 साली आणि ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. 1997 मध्ये आणखी 18 गावं आली. त्यांत चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे, दिघी, रावेत, पुनावळे होती. 2009 मध्ये ताथवडेही आलं. 1971 साली लोकसंख्या सुमारे 83 हजार होती. 2011 च्या जनगणनेत ती 17 लाख 27 हजारांवर पोचली.

गावं कागदावर शहरात गेली, पण गावपण मोडलं नाही. भोसरीत भैरवनाथाचा उत्सव होतो. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून निघतं आणि गळकऱ्याला, म्हणजे गळ टोचून घेतलेल्या मानकऱ्याला, घेऊन वाकडला येतं. हिंजवडीत ग्रामपंचायत, वाकडला महापालिका. वाटेत हद्द बदलते, मिरवणुकीतली माणसं तीच राहतात.

या वाढीची किंमत आसपासच्या मुलखानंही मोजली आहे. शहर पाणी पितं ते मुख्यतः पवनेचं. पवना धरणातून बंद जलवाहिनीनं पाणी आणण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. पवना आणि इंद्रायणी या आपल्या नद्या आजही सांडपाण्यानं फेसाळतात. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ग्रामपंचायतीत सरपंचाला गाठून जाब विचारणाऱ्या गावांना त्या काळात आपल्या प्रभागाचा नगरसेवकच उरला नव्हता.

आता हिंजवडी आणि आजूबाजूची गावं महापालिकेत घेण्याची मागणी पुन्हापुन्हा होते. ती जरूर घ्यावीत. पण गेल्या पाच दशकांनी शिकवलेलं विसरू नये: आधी पाणी, मैलाशुद्धीकरण आणि रस्त्यांची तजवीज करा, जमीन देणाऱ्याचा मोबदला चुकता करा, निवडणुका वेळच्या वेळी घ्या आणि मगच हद्द वाढवा. चार ग्रामपंचायतींनी आपला कारभार सोडून हे शहर घडवलं. नव्या गावांकडून तेच मागताना आधी त्यांच्या ग्रामसभेत जाऊन बसलं पाहिजे.