गॉर्डनची माशी

न्यू यॉर्क शहराच्या वायव्येस सुमारें शंभर मैलांवर कॅटस्किल नांवाचे डोंगर आहेत. बीव्हरकिल, विलोविमॉक, नेव्हरसिंक या नद्या तेथेंच उगम पावतात, आणि ट्राउट माशांसाठीं त्यांची मोठी ख्याति आहे. परंतु तेथें गळाला लागणारा मासा पुष्कळदां त्या पाण्यांतला मूळचा रहिवासी नसतो. त्याची कथा कातडें कमावण्याच्या धंद्यापासून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकांत या डोंगरांवर हेमलॉक वृक्षांचीं दाट अरण्यें होतीं. त्यांच्या सालींत कातडें कमावण्यास लागणारा तुरट रस असे. साल पुष्कळ लागे व वाहून नेणें जड. म्हणून कातडींच तिच्यापाशीं आणिलीं जात, कित्येक तर थेट दक्षिण अमेरिकेहून. झाड पाडावें, साल सोलावी आणि उघडा सोट रानांत कुजूं द्यावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. याहून निर्बुद्ध उधळपट्टी क्वचितच आढळेल! सावली गेल्यानें पाणी तापूं लागलें, कारखान्यांचा मळ त्यांत मिसळला, आणि थंड व निर्मळ पाण्यावांचून न तगणारा तेथील ब्रूक ट्राउट ओढ्यांच्या उगमाकडे हटत गेला.

१८८३ सालीं जर्मनीच्या बॅरन फॉन बेर यानें तपकिरी ट्राउटचीं अंडीं अमेरिकेंत फ्रेड मेथर याजकडे पाठविलीं. हा मासा थोडें ऊन पाणी सोसणारा, पण स्वभावानें फार सावध. पूर्वीच्या भोळ्या माशाला भडक रंगाची बुडती माशी पुरे होई. या पाहुण्यास, नदीवर त्या दिवशीं उडणाऱ्या खऱ्या कीटकासारखी दिसल्याखेरीज ती रुचेना.

ही अडचण थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) यानें ओळखली. प्रकृतीनें नाजूक व अविवाहित असा हा एकांतप्रिय गृहस्थ नेव्हरसिंकच्या कांठीं राहून माश्या बांधीत असे. इंग्लंडांतील फ्रेडरिक हॅलफर्ड तरंगत्या माशीचा मोठा पुरस्कर्ता होता. गॉर्डननें त्यास पत्र लिहिलें, आणि फेब्रुवारी १८९० मध्यें हॅलफर्डनें आपल्या माश्यांचा एक संच त्यास धाडला. पण त्या हँपशरच्या संथ पाण्यासाठीं होत्या. कॅटस्किलचा प्रवाह खळाळता, आणि तेथील कीटकहि निराळे. म्हणून गॉर्डननें नमुना आपल्या नदीपासून घेतला. वुड डक बदकाच्या कुशींतील पिसांचे उभे पंख, कोंबड्याच्या मानेचीं ताठ पिसें, आणि मोरपिसाची तंतु खरवडून काढलेली एक काडी. ती गळाभोंवतीं गुंडाळली कीं फिकट व गडद पट्ट्यांचें अंग तयार होई.

ही माशी वसंताच्या आरंभींची. बर्फाचें पाणी उतरत असतां नदी फुगलेली व गार असते. मासे तळाशीं सुस्त पडून राहतात आणि तरंगत्या माशीचा उपयोग नसतो. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास पाणी ५० अंश फॅरनहाइटपर्यंत आलें म्हणजे दगडांखालीं वाढलेला कीटक तळाशींच कात टाकतो व पंखांसह वर येतो. दुपारच्या गार हवेंत त्याला लगेच उडतां येत नाहीं; तो प्रवाहाबरोबर वाहत जातो, आणि ट्राउट वर येतात. काठी घेऊन पहाटे निघणाऱ्या उत्साही मंडळींची या दिवसांत निराशाच होते.

गॉर्डन आपली कला सहसा कोणास दाखवीत नसे. ती त्यानें शिकविली रॉय स्टीनरॉड यास. हा लिबर्टी गांवच्या टपालकचेरींत नोकरीस होता. १ मे १९१५ रोजीं गॉर्डन वारला. पुढच्याच वर्षीं बीव्हरकिलवर स्टीनरॉडनें, एप्रिलअखेर निघणाऱ्या दुसऱ्या एका कीटकाची नक्कल म्हणून, कोल्ह्याच्या पोटाखालील फिकट लोंकरीची माशी बांधली व तिला आपल्या हेंड्रिक्सन नांवाच्या मित्राचें नांव दिलें. दोन्ही माश्या आजहि वापरांत आहेत.

गॉर्डनची दरी मात्र उरली नाहीं. न्यू यॉर्कच्या नळांना पाणी पुरविण्यासाठीं नेव्हरसिंकवर बांधलेलें धरण १९५३ मध्यें पुरें झालें, आणि ज्या कांठांवर तो वसंतांत हिंडे त्यांपैकीं बराचसा भाग जलाशयाखालीं गेला.