आऱ्यांचें चाक व कोंडलेली हवा

परभणी जिल्ह्यांतील बाभळीनें माणसाला चाकहि दिलें आणि चाकाचा शत्रूहि दिला. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या कांठच्या काळ्या जमिनींत, बांधाबांधावर हें झाड आपोआप वाढतें. त्याचें लांकूड जड, चिवट आणि घाव सोसणारें. म्हणून बैलगाडीचा तुंबा, आरे व पुठ्ठे यांकरितां सुतार तें पसंत करीत आले. त्याच झाडाचा लांब, पांढरा, सुईसारखा कांटा पाणंदींत पडून राहतो. लांकडी चाकाला त्याचें भय नव्हतें. चाकांत हवा कोंडली गेली त्या दिवसापासून मात्र त्या कांट्याला महत्त्व आलें, आणि ती हवा कोठें व कशी कोंडावी हा प्रश्न आजच्या मोटारसायकलीपर्यंत चालत आला.

जुन्या चाकाची रचना ध्यानांत घेतली म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सोपा जातो. मधल्या तुंब्यांत आऱ्यांचीं टोकें ठोकून बसवावयाचीं, त्यांवर पुठ्ठ्यांचें वर्तुळ जुळवावयाचें आणि शेवटीं लोखंडी धाव चढवावयाची, अशी ती रीत. धाव वर्तुळाहून किंचित् लहान घडवीत. गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल होऊन प्रसरण पावली कीं लोहार ती चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवी व लागलीच पाणी ओती. थंड होतांना धाव आंवळे आणि सर्व सांधे घट्ट होत. या चाकांत भार तुंब्याखालीं येणाऱ्या आऱ्यावर पडतो; खांबानें छप्पर पेलावें तसा तो आरा गाडीला पेलतो.

तारेचे आरे याच्या उलट न्यायानें काम करतात. बारीक तार दाबाखालीं वांकते, परंतु ताण ती उत्तम सोसते. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यानें १८०८ सालींच ताणलेल्या आऱ्यांच्या हलक्या चाकाची कल्पना मांडली होती. पॅरिसच्या यूजेन मेयर यानें १८६९ सालीं तसें चाक सायकलीसाठीं वापरांत आणलें, आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं आरे तुंब्याला तिरपे, स्पर्शरेषेंत जोडण्याची युक्ति काढली. अशा चाकांत सर्वच आरे अगोदरपासून ताणलेले असतात. वजन पडतें तेव्हां खालच्या आऱ्यांचा ताण थोडा उतरतो, एवढेंच. चाक हलकें होतें, खड्ड्याचा धक्का लवचिकपणें सोसतें, आणि एखादा आरा तुटला तर तेवढाच बदलतां येतो. मात्र प्रत्येक आरा ताणण्यासाठीं रिमला एक भोंक पाडावें लागतें व त्यांत निपल नांवाची, आंतून आटे असलेली लहानशी नळी बसवावी लागते. सामान्य मोटारसायकलीच्या एका चाकांत अशीं बहुधा ३६ भोंकें असतात. पुढील सगळ्या वादाचें मूळ या ३६ भोंकांत आहे.

चाकावर हवेची गादी बसविण्याचा मान प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याकडे जातो. त्यानें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. परंतु घोडागाडीच्या त्या युगांत त्याच्या शोधाला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना स्वतंत्रपणें शोधून काढली, आणि तोंवर सायकलींचा काळ आला असल्यामुळें ती जगभर पसरली. डनलॉपचें आरंभींचें टायर रिमवर चिकटविलेलें असे व तें काढणें म्हणजे मोठा खटाटोप होता. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं १८९१ सालीं सुटें होणारें टायर पुढें आणलें. वर रस्त्याशीं झुंजणारें जाड टायर आणि आंत हवा धरणारी पातळ ट्यूब अशी कामाची वांटणी रूढ झाली. रिमला कितीहि भोंकें असलीं तरी चिंता उरली नाहीं. कारण हवा धरण्याचें काम रिमकडे नव्हतेंच. निपलांचीं डोकीं ट्यूबला टोंचूं नयेत म्हणून त्यांवर रबराची एक पट्टी घातली कीं काम भागे.

परभणीकडे १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग सुरू झाला. सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या ठाण्यांपर्यंतचा प्रवास त्यामुळें सुखाचा झाला. ठाण्यापासून गांवापर्यंतचा मात्र पाणंदीचाच राहिला. निजामाच्या राज्यांतील हा जिल्हा १९४८ सालीं भारतांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. याच सुमारास मोटारसायकल देशांत तयार होऊं लागली. मद्रासजवळ १९५५ पासून एन्फील्डची बुलेट, म्हैसूर येथें १९६१ पासून जावा, त्याच दशकांत राजदूत, आणि १९८५ सालीं थोड्या तेलांत लांब पळणारी हीरो होंडा सीडी १०० अशी ती परंपरा आहे. या सर्व गाड्यांचीं चाकें तारेच्या आऱ्यांचींच होतीं आणि सर्वांत ट्यूब होती. दूधवाला, शिक्षक, कापसाचा व्यापारी व शेतकरी यांच्या दारांत जी फटफटी उभी राहिली, तिच्याबरोबर रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्याचें दुकानहि उभें राहिलें.

त्या दुकानाचें भांडवल फारसें नसे: एक हातपंप, पाण्याचें घमेलें, दोन लोखंडी पट्ट्या, कानस, रबराचीं ठिगळें आणि सोल्यूशनची डबी. परंतु त्याची विद्या नेमकी होती. चाक उतरवावयाचें, पट्ट्यांनीं टायरची कड उचलून ट्यूब बाहेर ओढावयाची, ती फुगवून पाण्यांत बुडवावयाची, बुडबुडे दिसतील तेथें खूण करून तेवढी जागा घासावयाची व ठिगळ लावावयाचें. मग टायरच्या आंतून बोटें फिरवून मूळ कांटा शोधावयाचा; तो राहून गेला तर सारा खटाटोप व्यर्थ. बाभळीचा कांटा, सराटा किंवा बोरीचा कांटा यांतील फरक त्याच्या बोटांना डोळ्यांआधीं कळे.

या पद्धतींत एक दोष होता आणि तो केवळ गैरसोयीचा नव्हता. ट्यूब फुग्याप्रमाणें ताणलेली असते. तिला छिद्र पडलें तर तें फाटत जाऊं शकतें, आणि सुटलेली हवा टायर व ट्यूब यांमधील फटींतून, व्हॉल्व्हच्या भोंकांतून व त्याच ३६ भोंकांतून क्षणार्धांत निघून जाते. रिकामें झालेलें टायर रिमच्या खांचेंत घसरतें व गाडी डोलूं लागते. जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या रस्त्यानें रात्रीं परतणारें कुटुंब, पुढें पुरुष, मागें स्त्री आणि मधोमध झोंपीं गेलेलें मूल असें असतां, पुढील चाकांतील हवा एकदम जाणें आणि हळूहळू जाणें यांत केवढें अंतर आहे हें सांगावयास नको.

यावरील उपाय अमेरिकेंत निघाला. गुडरिच कंपनींतील फ्रँक हर्झेग यानें १९४६ सालीं ट्यूबविरहित टायरच्या पेटंटसाठीं अर्ज केला व १९५२ सालीं तें त्याला मिळालें. १९५५ पासून अमेरिकन मोटारींवर हें टायर सर्रास बसूं लागलें. यांत टायरच्या आंतल्या बाजूस हवा न झिरपूं देणाऱ्या रबराचा थर असतो, आणि टायरची कड रिमवर इतकी घट्ट बसते कीं टायर व रिम मिळून हवेचें भांडें तयार होतें. खिळा अथवा कांटा शिरला तरी भोंवतालचें रबर त्याला आंवळून धरतें; हवा हळूहळू जाते आणि चालविणाऱ्यास थांबण्याची सवड मिळते. दुरुस्तीहि चाक न काढतां होते: छिद्रांत आरीनें रबरी दोरी खुपसून भागतें.

परंतु भांड्यालाच ३६ भोंकें असलीं तर तें हवा कशी धरील ? म्हणून मोटारसायकलीवर हें टायर प्रथम ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाबरोबर आलें. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तीं चाकें भारतांतील रस्त्यांवर सामान्य झालीं. त्यांनीं पंक्चरचा त्रास कमी केला, पण दुसरी चिंता आणली. खोल खड्ड्यांत ओतीव चाकाची कड दबली कीं हवा निसटते. तडा गेला तर सबंध चाक बदलावें लागतें. तारेचें चाक सुताराच्या बैठकीनें सरळ करणारा मिस्त्री येथें हतबल होतो. टायर रिमवरून निघालें तर तें पुन्हां बसवावयास हवेचा जोराचा झोत लागतो. हातपंपानें तें काम होत नाहीं. टायरची बाजू दगडानें फाटली तर दोरीहि कामास येत नाहीं.

दोन्ही गुण एकत्र आणण्याची वाट अभियंत्यांनीं आऱ्यांची जागा बदलून काढली. बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें १९८७ सालच्या आर १०० जीएस या गाडींत आरे रिमच्या मध्यावर न जोडतां तिच्या दोन्ही बाहेरच्या कडांना जोडले. भोंकें हवेच्या कोठीबाहेर गेलीं. मधला भाग अखंड राहिला. अशीं चाकें करणें खर्चाचें असल्यानें तीं फार काळ महागड्या गाड्यांपुरतींच राहिलीं. रॉयल एन्फील्डची नवी हिमालयन २०२३ सालीं आली ती ट्यूबच्याच तारेच्या चाकांवर. ट्यूबविरहित तारेचीं चाकें तिच्यासाठीं भारतांत २०२४ सालीं मिळूं लागलीं.

या मधल्या काळांत जुन्याच रिमचीं भोंकें चिकटपट्टीनें किंवा लुकणानें बुजवून ट्यूब काढून टाकण्याची घरगुती युक्तिहि निघाली. तिच्यावर भरंवसा ठेवणें धोक्याचें आहे. चालत्या चाकांतील आरे सूक्ष्मपणें सतत हलत असतात, त्यामुळें बुजवण सुटतें. शिवाय ट्यूबसाठीं केलेल्या रिमला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा बहुधा नसतो. टायरच्या बाजूवर तें ट्यूबचें कीं ट्यूबविरहित हें छापलेलें असतें. रिम त्याला योग्य आहे कीं नाहीं, हें वाहन निर्मात्याच्या पुस्तिकेवरून पाहणें हेंच शहाणपण.

ट्यूब असलेलें चाक मागासलेलें आणि ट्यूब नसलेलें प्रगत, असा सरसकट निवाडा हा इतिहास देत नाहीं. ट्यूबनें दीडशें रुपयांची असो वा पांचशांची, कोणत्याहि गांवच्या झाडाखालीं दुरुस्त होण्याची सोय दिली. ट्यूबविरहित टायरनें पडण्यापूर्वीं थांबण्याची सवड दिली. डांबरी रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या कुटुंबाला दुसरी गोष्ट अधिक मोलाची. दगडगोट्यांच्या वाटेवर, दुकानापासून दूर असणाऱ्या माणसाला पहिलीहि सोडवत नाहीं. म्हणूनच आऱ्यांचें चाक मोडींत न काढतां त्याचीं भोंकें तेवढीं बाजूला सारणाऱ्यांचा मार्ग शहाणपणाचा ठरला.

बाभळीचा कांटा अजून पूर्वीसारखाच तीक्ष्ण आहे. तो टायरमध्यें शिरल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला सुखरूप उभी राहावी आणि दिवस मावळण्यापूर्वीं पुन्हां चालूं लागावी, एवढीच अपेक्षा लोहाराच्या धावेपासून आजच्या रिमपर्यंत प्रत्येक चाकाकडून माणूस करीत आला आहे.